दादाची दाढ

मंगळवारी दुपारी दादा वारला. सोलापूरच्या एका खाजगी दवाखान्यात तो एक्स-रे काढत असे. आजार रक्ताचा होता. महिन्याभराने डॉक्टरांनी तेच काम वहिनींना देऊ केलं. यंत्रात दोष नाही, असं त्यांचं म्हणणं; मला मात्र शंका होती.

अस्थी गोळा करताना दादाचा एक दात मी ठेवून घेतला होता. तो मुंबईला प्रयोगशाळेतल्या वर्गमित्राकडे नेला. तो म्हणाला, अंगावर पडलेल्या किरणांची खूण दाताच्या कवचात वर्षानुवर्षं टिकते. मात्र आगीत पुसली जाते. न जळलेला दात हवा.

म्हणून सोलापूरला गेलो. वहिनींना आठवलं, दादाने उन्हाळ्यात दाढ काढून घेतली होती, तीही मंद्रूपच्या बाजारात. आपल्या डॉक्टरांना दाढदुखी सांगायला तो लाजला होता.

"भावजी, तोवर कामाला जाऊ का?" त्यांनी विचारलं. मी थांबायला सांगितलं.

त्यांनी कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली) आणि शेंगाची चटणी बांधून दिली. एसटीच्या हादऱ्यांनी चटणीचं तेल माझ्या पुस्तकात उतरलं. बाहेर ज्वारी कंबरेएवढी झाली होती. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

बाजारात लिंबाखाली दातवाला बसला होता. पुढ्यातल्या तांबड्या फडक्यावर दातांची रास होती. एक दाढ मात्र काचेच्या डबीत वेगळी ठेवलेली. मी नाव सांगताच तो शेजारच्या कांदेवालीकडे वळला.

"फोटोवाल्याचा भाऊ हाय ह्यो. दवाखान्यातला माणूस माज्याकडं आलता की!"

ती म्हणाली, हे ती दर बाजारी ऐकते.

मी सगळं सांगितलं, तपासणीत दाढेचं वरचं कवच जाणार हेही. त्याने डबी फडक्याने पुसून माझ्या हातात दिली.

"न्या. पर हिच्यावरच माजं नाव चालतंय. मुळं तरी परत आणा."

चार महिन्यांनी मित्राचं पत्र आलं, सोबत दाढेची मुळं. पद्धत नवी, नेमका आकडा सांगता येत नाही. पण खूण साध्या दातांपेक्षा खूपच जास्त. डॉक्टरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि एक्स-रेच्या खोलीला कुलूप लावलं. मी मंद्रूपला जाऊन मुळं पोचवली. परतताना गाडी वाटेतल्या पुलावर आली, तेव्हा जळलेला दात नदीत सोडला. दादा काही लिहून ठेवणारा माणूस नव्हता. जे सांगायचं ते त्याच्या दाढेने सांगितलं, यात मला समाधान वाटलं.

वहिनी आता दवाखान्यात पुढच्या टेबलावर केसपेपर लिहितात. दाढेची मुळं मंद्रूपच्या बाजारात, त्या डबीत आहेत.