एका ओळीतली चौतीस वर्षं

शालन गेली तो दिवस शुक्रवारचा. वडगोळी नगरपरिषद हायस्कूलचे मुख्याध्यापक मुल्लासर यांचा फोन आला. "काका, जरा शाळेत या. घाई नाही."

शाळेतून आजवर आलेला प्रत्येक फोन घाईचाच असायचा. बाईंचा चष्मा घरी राहिलाय, पडद्याची दोरी अडकलीय, शिडी घेऊन लगेच या. 'घाई नाही' हे दोन शब्द ऐकले आणि जालिंदर तानवडे काय ते समजला. त्यानं सायकल काढली, पण तिच्यावर बसला नाही. हातात धरून शाळेपर्यंत चालत गेला.

रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी त्याची बायको शालन रोज शाळेत जायची. शाळेला पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती, म्हणून ती शाळेचा इतिहास लिहीत होती. जुनी रजिस्टरं घेऊन कलादालनात मागच्या बाकावर बसायची. त्या दिवशी नववी ब चा चित्रकलेचा तास होता. तिनं बाकावर डोकं टेकलं. बाई झोपल्यात म्हणून ती वांड पोरं पस्तीस मिनिटं चिडीचूप बसून राहिली. घंटा झाल्यावर कळलं.

त्याला आता चार महिने झाले.

आज रविवार आहे. उद्या इतिहास प्रेसला द्यायचा आहे. जालिंदर दुपारचं जेवून खाटेवर आडवा झालाय आणि शालनची पानं वाचतोय. अकरा प्रकरणं तिनं ठाकठीक लिहिली आहेत. सुरुवातीला शाळा नगरपालिकेच्या कोंडवाड्यात भरायची, म्हणून गावातले म्हातारे अजून 'आम्ही कोंडवाड्यात शिकलो' असं ऐटीत सांगतात, ते आहे. जुना जकात नाका मोकळा झाला आणि तिथं चित्र, गाणं आणि नाटक असे तिन्ही वर्ग सुरू झाले, ते आहे. बहात्तरच्या दुष्काळात ब्रश धुवायला पाणी नव्हतं, तेव्हा मुलांनी वर्षभर नुसत्या कोळशानं चित्रं काढली, तेही आहे.

बाराव्या प्रकरणात मात्र एकच ओळ आहे. 'सन १९८६ ते २०२० या काळात कलाविभागाचे काम समाधानकारक चालले.'

ही चौतीस वर्षं शालनची स्वतःची. शहाऐंशीच्या जूनमध्ये ती चित्रकलेची बाई म्हणून लागली आणि तिथूनच रिटायर झाली. ही ओळ अशीच छापली, तर शाळेच्या इतिहासात शालन तानवडे नावाची बाई कधी झालीच नाही. मुल्लासर म्हणाले होते, "काका, हे प्रकरण तुम्हीच लिहा." जालिंदर म्हणाला होता, "मी सातवी पास, एसटीचा मेकॅनिक. असू द्या तिनं लिहिलंय तसंच."

पान छातीवर येतं. पेन्सिल कानामागं असते. डोळा लागतो न लागतो, तोच पंख्याचा आवाज बदलतो. इंजिन चालू ठेवून गाडी उभी करावी तसा.

जालिंदर डेपोत आहे. गाडीखालच्या खड्ड्यात उभा आहे आणि वर गाडीचं पोट आहे. खड्ड्याच्या काठावर दोन पाय दिसतात. उजव्या चपलेवर पिवळा रंग सांडलाय.

"अहो, झालं का आवळून?"

"कोण? शालन?"

"दुसऱ्या कुणाचे पाय ओळखता वाटतं?"

"वर येऊ का?"

"या की. तिथं काय पुरलंय तुमचं?"

तो लोखंडी पायऱ्या चढून वर येतो. वर गाडी नाही. जकात नाका आहे, आडवा बांबू टाकलेला आहे, आणि बैलगाड्यांची रांग लागलीय. गाड्यांत मुलांच्या चित्रांच्या गुंडाळ्या आहेत. शालन नाक्याच्या खिडकीत बसलीय, निळी साडी, केस कानामागं. ती बांबूकडे हात करते. "चित्राला जकात नाही. सोडा." बांबू आपोआप वर जातो.

त्याला विचारायचं खूप असतं. विचारतो भलतंच. "जेवलीस का?"

"मेलेल्या माणसाला काय विचारता हो!" ती हसते. "तुम्ही जेवलात का? रोज पिठलं करताय म्हणे."

"कोण सांगतं तुला?"

"वास येतो."

खिडकी नसते. ते दोघं कलादालनात मागच्या बाकावर शेजारी बसलेले असतात. पुढं मुलं पाठमोरी बसून चित्र काढताहेत. टेबलावर एक कळशी आणि तीन वांगी मांडलीत. छताकडे पाहिलं तर ते अजून गाडीचंच पोट आहे, पण ऑइल गळत नाही.

"शालन, समाधानकारक म्हणजे काय गं?"

"इन्स्पेक्शनला साहेब शेरा मारतात तो शब्द. चांगला आहे की."

"आमच्यात ब्रेकला म्हणतात. समाधानकारक म्हणजे अजून महिनाभर गाडी सोडायला हरकत नाही. चौतीस वर्षांना कुणी म्हणत नाही."

"मग काय लिहू? तानवडेबाई लई थोर होत्या?"

"कोंडवाड्यातल्या हेडमास्तरांना सात पानं दिलीस."

"ते वारलेत. गेलेल्या माणसाचं लिहिता येतं. जिवंत माणसानं स्वतःचं लिहिलं तर गाव हसतं."

 जालिंदरच्या तोंडात एक वाक्य येतं, ते तो गिळतो. तीच बोलते. "हां. आता लिहिता येईल. पण मला नाही. तुम्हाला."

"मला काय लिहाया येतंय?"

"डेपोत तीस वर्षं जॉबकार्ड कोण भरत होतं? सासरे?"

"त्यात काय असतंय! तक्रार काय, काम काय केलं. चार शब्द."

"मग तेच सांगा. जून शहाऐंशी. तक्रार काय?"

तो आठवून बघतो. सोपं असतं. "पोरं मांडीवर कागद ठेवून चित्र काढायची. कागद फाटायचा. तू घरी येऊन चिडायचीस."

"काम काय केलं?"

"भंगारात काढलेल्या गाड्यांची आतली प्लाय मिळवली. बावीस बोर्ड कापले. कडा घासल्या."

"कुणी?"

"मी."

"एवढं हळू का बोलताय? चोरी केली होती का?"

"साहेबांना अर्ज केला होता," जालिंदर घाईनं म्हणतो, आणि दोघंही हसतात. पुढची मुलं वळून बघत नाहीत.

"आणि बोर्डांवर काय लिहिलेलं होतं, ते सांगा ना."

"रंग घासायचा राहून गेला. एकावर 'आमदार' तसंच होतं. त्या बोर्डासाठी रोज मारामाऱ्या. काळ्यांच्या पोराचा दात पडला."

"दुधाचा होता. आणि दुसऱ्यावर?"

"'स्त्रियांसाठी राखीव.' ते एक पोरगं हातात धरेना. शेवटी तू घेतलंस."

"रिटायर होईपर्यंत वापरलं," ती म्हणते. "आता निकाल सांगा."

जालिंदर बाकावर नखानं ओरखडा काढतो. एलिमेंटरी परीक्षेचा तो पहिला निकाल त्याला पाठ आहे. "तो कशाला? चांगलं चांगलं लिहू."

"सांगा म्हणते ना."

"अकरा बसली. नऊ नापास."

"पुढं?"

"तू त्या दिवशी जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शाळेत गेलीस, नऊ जणांना घेऊन बसलीस. पण जेवणाचं इतिहासात लिहितात व्हय?"

"जेवल्याचं नाही लिहीत. न जेवल्याचं लिहावं."

कळशी आता त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. बाक तोच आहे, पण समोर गॅस आहे आणि शालन वांगी चिरतेय. तिचे हात कोरडे आणि गरम असणार, हे त्याला न शिवता कळतं. शिवायचं धाडस होत नाही.

"त्या शुक्रवारी लई दुखलं का गं?" तो विचारतो. "जवळ कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं कसं? नववी ब होती. अहो, ती कार्टी एवढी गप्प कधी बसली नव्हती. मला वाटलं, इन्स्पेक्शन आलं. म्हटलं, उठावं, साडी नीट करावी."

"मग?"

"मग म्हटलं, असू दे. बसलेत शहाण्यासारखे, तर कशाला उठा."

ती सुरी खाली ठेवते आणि त्याच्याकडे बघते, वर्गात एखाद्या मुलाचं चित्र बघावं तशी, मान थोडी तिरकी करून. "तुम्ही नाव घेत नाही हो माझं. चार महिने झाले. लोक आले की 'आमची ही' म्हणता, 'मंडळी' म्हणता. तिथं तरी नाव लिहा."

"लिहितो."

"पूर्ण."

"लिहितो म्हटलं ना."

कुठंतरी घंटा होते. मुलं उठत नाहीत. शालन उठते, पदराला हात पुसते आणि दालनाच्या दाराकडे चालायला लागते. तिथं आता बांबू नाही, दार उघडंच आहे. जालिंदर तिच्या मागं निघतो. बाकात गुडघा आपटतो.

तो जागा होतो. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होतेय. साडेचार वाजलेत, भिंतीवर ऊन आलंय. तो खाटेवर उठून बसलेला आहे आणि पेन्सिल मुठीत आहे.

बाराव्या प्रकरणाचं पान उलटं पडलंय. मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलंय. अक्षर त्याचं आहे. लिहिल्याचं त्याला आठवत नाही.

'जून १९८६. सौ. शालन जालिंदर तानवडे शाळेत लागल्या. मुले मांडीवर कागद ठेवीत. कागद फाटे. बावीस बोर्ड केले. परीक्षेला अकरा बसली. नऊ नापास. बाई जेवल्या नाहीत. सकाळी सातला'

तिथं थांबलंय.

जालिंदर ते दोनदा वाचतो. मग पान सुलटं करतो आणि 'समाधानकारक' असलेली ओळ एका रेघेत खोडतो. फोन उचलतो.

"सर, तानवडे बोलतोय. उद्या जमणार नाही."

"का काका? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. लिहितोय."

 मुल्लासर म्हणतात, "प्रेसवाल्याला मी थांबवतो. किती झालं?"

"एक वर्ष," जालिंदर म्हणतो. "तेही पुरं नाही. तेहेतीस राहिलीत."