लटक्या सो अटक्या

“लटक्या सो अटक्या!” असं म्हणत आपा आधी तुमचा पट्टा ओढून बघायच्या, मग तुमच्या नमस्काराला उत्तर द्यायच्या.

समुद्र नसलेल्या आपल्या शहरात त्या स्कूबा शिकवायच्या. पोहण्याच्या तलावावर, सकाळच्या बॅचला. तुम्ही तिकडं जात असाल तर त्यांना पाहिलंच असेल. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, डोक्याला घट्ट रुमाल, पाठीवर हवेची टाकी घेऊन डुलत चालणाऱ्या. “पानी में मछली, बाहर बदक,” म्हणायच्या. “हसा, हसा!”

नळी, टॉर्च, काहीही लोंबलेलं त्यांना खपायचं नाही; लोंबलं की अडकलंच. प्रत्येक वस्तू जॅकेटला क्लिपनं अडकवायची, हात लावून खात्री करायची. सवय तलावाबाहेरही सुटली नव्हती. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईला सांगायच्या, “ओढणी आत घे गं, चाकात जाईल.” एका वरातीत तर त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाचा शेला खोचून दिला होता.

मी बँकेत नोकरी करणारी, चाळिशीतली, पाण्याला भिणारी. त्यांच्यामुळं शिकले आणि एका हिवाळ्यात त्यांच्या तुकडीबरोबर मालवणला गेले.

जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला प्रत्येकाकडं एक जादा नळी असते. होडीवर आपांनी माझ्या त्या नळीच्या क्लिपला हात लावून पाहिला. पण उडी मारताना पाण्याच्या दणक्यानं क्लिप सुटली. मला कळलंही नाही. खाली खडकावर कुणाचं तरी फाटकं जाळं पडलं होतं, त्यात नळी गुंतली. मी खेचलं, तसं जाळं आणखी आवळलं. मला धाप लागली.

आपा आल्या. त्यांनी माझ्या छातीवर तळवा ठेवला, डोळ्यांत पाहिलं आणि सावकाश श्वास सोडून दाखवला. मीही सोडला. मगच त्यांनी जाळ्याचा एकेक फास काढला, नळी माझ्या पट्ट्याखाली खोचली आणि दंडाला धरून मला हळूहळू वर आणलं.

होडीत मी बोलणी खायच्या तयारीनं बसले. आपांनी चहाचा पेला उचलला, तर चहा हिंदकळून सांडायला लागला.

“धर गं जरा,” त्या म्हणाल्या. “खाली हात हलले नाय. आता बघ कसे नाचतेत.”

मी पेला धरला, त्या प्यायल्या.

“क्लिप ढिली होती. मी नुसता हात लावला, ओढून पाहिलं नाय. माझी चूक. उद्या दोघी परत उतरू.”

“नको आपा.”

“हा डर घरी नेलास ना, तर तो मेला तुला आपल्या गावच्या हर्सूलच्या तळ्यात पाय बी बुडवू देणार नाय.”

दुसऱ्या दिवशी उतरलो. हातात हात होता. कोण कुणाला धरून होतं, ते सांगता येणार नाही. पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आमच्या मधून निघून गेला.

पुढं त्यांना कानाचं दुखणं जडलं आणि डॉक्टरांनी खोल पाणी बंद केलं. गेल्या वर्षी आपा गेल्या.

मला मात्र सारखी त्यांची तलावावरची शेवटची सकाळ आठवते. सगळं सामान गोड्या पाण्यानं धुऊन त्यांनी आम्हाला वाटून टाकलं. मग कानांत बोळे घालून, सलवार-कुर्त्यातच उथळ बाजूला उतरल्या आणि पाठीवर पडून तरंगत राहिल्या. डोळे मिटलेले, तोंडावर कोवळं ऊन.

बॅच संपली, सगळे गेले. मी काठावर बसले होते.

“आपा, येता का बाहेर?” मी मोठ्यानं विचारलं.

“रुक ना,” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. “पाणी लई चांगलं हाय आज.”