शिल्लक नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायको गेली, ती हे न ऐकताच गेली. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. ऐकायचं तर ऐका.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सावनेरजवळच्या एका कोळसा खाणीत मी स्टोअरकीपर होतो. किडकिडीत अंग, जाड चष्मा, आणि राग मात्र पैलवानाचा. मारामारीची धमक नव्हती — म्हणून माणसांना खिडकीशी ताटकळत ठेवायचो. स्टोअरच्या खिडकीत बसणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, तुम्हाला कल्पना नाही.

जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. माल संपला असेल तर चिठ्ठीवर 'शिल्लक नाही' लिहायचं, इंजिनिअरची सही घ्यायची आणि नागपूरच्या ऑफिसला मागणी पाठवायची. आणखी एक रीत होती, आम्हा स्टोअरवाल्यांची, कुठेही न लिहिलेली — शेवटचा नग दाखवायचा नाही. मोठा साहेब अडला की काढून द्यायचा, शाबासकी मिळते. माझे असे नग खुर्चीखालच्या पेटीत असत, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले.

नामदेव आमचा फिटर. दणकट, तोंडाचा फटकळ. एकदा साध्या वॉशरसाठी मी त्याला तासभर उभं केलं. त्यानं खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. चष्मा फुटला, ओठ फाटला. लोक हसले. ते हसणं जास्त झोंबलं. त्यानंतर रोज मनातल्या मनात मी घणानं त्याची हाडं फोडायचो.

पंधरा दिवसांनी तोच खिडकीशी आला. हातात कोळशाचे रुळांवरचे डबे ओढणाऱ्या लोखंडी दोराला जोडणारी पिन — मधोमध तडा गेलेली. खाणीतल्या उतारावर भरलेले डबे त्या पिनेच्याच भरवशावर असतात. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

"झालं गेलं इसरून जाय गा," तो म्हणाला. "हे पिन आता टिकत नाही. एक नवी दे मले. खाली मानसं हायेत."

पेटी माझ्या टाचेला लागत होती. मी लाल शाईनं लिहिलं — शिल्लक नाही. काय आनंद झाला म्हणून सांगू! इंजिनिअरनं मागणीवर लगेच सही केली. तो कागदही मी खणात दाबून ठेवला.

नामदेवनं जुन्याच पिनेला वेल्डिंग मारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तुटली. पाच डबे उतारावरून सुटले आणि त्यांनी नामदेवला भिंतीशी चिरडलं. वर आणला तेव्हा छाती उरली नव्हती; तोंड तेवढं धड होतं, उघडं.

माणसं फावडी घेऊन स्टोअरवर आली. "पिन काहून नव्हती बे?"

तेव्हा तरी खरं बोललो का? — मी म्हणालो, "साहेबानं मागणीवर सही नाही केली."

इंजिनिअर नवा होता, पोरसवदा. त्याला ऑफिसातून ओढत आणलं आणि फावड्यांच्या दांड्यांनी बडवलं. "सही केलीय मी, याला विचारा!" तो माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होता. मग मीही एक दांडा हिसकावला आणि त्याच्या तोंडावरच घातला — बोलू नये म्हणून. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुन्हा घातला. खोटं कशाला सांगू? बरं वाटत होतं. तो कागद मी त्याच संध्याकाळी जाळला.

चार दिवसांनी खाण सुरू झाली. नवा फिटर तुटक्या पिनेचे दोन तुकडे घेऊन खिडकीशी आला. नियमाप्रमाणे मी ते जमा करून घेतले. एकाला वाळलेलं रक्त लागलं होतं, ते चिंधीनं पुसलं. मग वाकून पेटी उघडली आणि नवी पिन त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "चार दिस आंदी आली असती तं नामदेवभाऊ वाचला असता गा."

"हो ना," मी म्हणालो, आणि त्याची सही घेतली.