आधी स्वतः करून बघणाऱ्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडम कोणालाही नोकरीवर पाठवण्याआधी ती नोकरी स्वतः एक दिवस करून बघत. बेकरीत खोक्यांच्या घड्या घालत, पार्किंगमध्ये पावत्या फाडत. एका हाताने काम करणाऱ्या मुलासाठी जागा बघायची असली, तर स्वतःचा एक हात ओढणीने कमरेला बांधून घेत. लोक हसत. मॅडम म्हणत, "हसा. पण खोक्याचं झाकण कुठे अडतंय ते मला बघू द्या."

अपंग व्यक्तीला कोणतं काम जमेल हे तपासून सांगणं हा त्यांचा व्यवसाय. माझी मुलगी मुग्धा हिला मी त्यांच्याकडे नेलं, तेव्हा तिची विशी उलटली होती. तिची समज वयाच्या मानाने कमी. आमच्यानंतर हिचं काय, हा प्रश्न घेऊनच आम्ही नवरा-बायको रोज झोपायचो.

मॅडमनी तिच्यापुढे नट-बोल्टचा ढीग ठेवला आणि जोड्या लावायला सांगितल्या. मी कारखान्यात कॉस्टिंग बघतो. एका नगाला किती वेळ लागला, हे मोजल्याशिवाय मला राहवत नाही. मुग्धाचा वेग फारच कमी पडला.

"मग किती टक्के धरायचे?" मी विचारलं.

"टक्के बँकेत मिळतात. अहो, तुम्ही घड्याळाकडे बघत होतात, मी तिच्या हातांकडे. आटे झिजलेले नट मी मुद्दाम मिसळले होते. तिने सगळे चाचपून बाजूला काढलेत, बघा."

मॅडमनी तिच्यासाठी एका हॉस्पिटलातलं काम शोधलं. धुऊन आलेली ऑपरेशनची उपकरणं तपासून ट्रेमध्ये लावायची. तिथे सावकाशपणा चालतो, चूक चालत नाही. रिवाजाप्रमाणे त्या आधी स्वतः एक दिवस उभ्या राहिल्या. तरी मुग्धाच्या पहिल्याच दिवशी वाफेच्या यंत्राने फुत्कार टाकला आणि ती कान झाकून कोपऱ्यात बसली. उठेचना. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "काका, घेऊन जा हिला. इथे नाही जमायचं." मी तिची पिशवी उचलली.

तेवढ्यात मॅडम आल्या. मुग्धाशेजारी फरशीवर बसल्या आणि पुढच्या फुत्काराची वाट बघत राहिल्या. तो आला तशा म्हणाल्या, "मीही दचकले बघ. चूक माझी आहे. मी यंत्राकडे तोंड करून काम केलं, तुझी मात्र पाठ होती त्याच्याकडे." मग सिस्टरना म्हणाल्या, "टेबल फिरवा. आवाज कुठून येतो ते तिला दिसू द्या. आठवडाभर बघा, मग माझ्याशी भांडा."

टेबल फिरवलं. मुग्धा टिकली.

दिवाळीत आम्ही फराळ घेऊन त्यांच्या खडकीच्या घरी गेलो. त्या एकट्याच राहत. बैठकीत एकच खुर्ची होती. बाकीच्या खुर्च्यांवरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवून त्यांनी त्या आतून आणल्या. मुग्धाशी खूप वेळ बोलल्या. निघताना मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "आता तिला आणू नका."

"का हो?"

"काही बिघडलं की मॅडम आहेत, असं वाटेल तिला. ते नको."

"पण सहज म्हणून?"

"सहज म्हणूनही नको. तुम्ही फोन करत जा."

पुढची कितीतरी वर्षं मी करायचो. नवीन सिस्टर कशी आहे, मुग्धा बसने एकटी येते का, बसायला जागा मिळते का, असं सगळं त्या विचारत. विचारण्यासारखं संपलं तरी फोन ठेवायची घाई त्यांना कधीच नसे.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. भावाने कळवलं. बुद्धवंदनेला आम्ही मोजकीच माणसं उभी होतो. कामाचा दिवस होता. त्यांनी ज्यांना कामाला लावलं, ते सगळे कामावर होते.

संध्याकाळी मी मुग्धाला सांगितलं, "वाघमारे मॅडम वारल्या गं."

ती दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. "कोण मॅडम?"

मी सांगायला सुरुवात करणार होतो. तिच्याकडे बघितलं आणि राहू दिलं. "होत्या एक," म्हणालो.

"बाबा, जरा सरका ना," ती म्हणाली. "वायर अडकतेय."