कमी चाललेली गाडी आणि आबांचा जबाब

ती घटना आठवली नाही असा महिना जात नाही. निवृत्तीनंतर लोक मोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. मी दरोड्यांच्या, खुनांच्या तपासाच्या हकीगती सांगतो. ही कधी सांगितली नाही. हिच्यात रक्त सांडलं नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही. जुन्या गाडीच्या व्यवहाराचा साधा तक्रार अर्ज होता.

त्या वेळी मी चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कंपन्यांतल्या भंगाराची चोरी, ट्रकचालकांच्या मारामाऱ्या, भाड्याच्या खोल्यांतली भांडणं हे रोजचं काम. एके सकाळी हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण अर्ज घेऊन आला. आमच्या हद्दीतल्या एका गावातून त्याने लाल रंगाची, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार विकत घेतली होती. गाडी पाच-सहा वर्षं जुनी, आणि मीटरवर नऊ हजार किलोमीटरसुद्धा नाहीत. आधी तो खुशीत होता. मग मित्रांनी त्याला वेड्यात काढलं.

"ते म्हणतात, अशी गाडी घेऊन कोण घरात ठेवतं राव? मीटर मागे घेतलाय म्हणतात. सर, मला माझे पैसे परत पाहिजेत."

त्याच आठवड्यात माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. त्याचा दिघीच्या बाजूला जुन्या गाड्यांचा धंदा होता. तो म्हणाला, "साहेब, ती लाल गाडी मी बघून सोडली होती. विकणारा म्हातारा दिसतो तसा नाही. सीट बघा, स्टीअरिंग बघा. नऊ हजारांत असं होतं का?"

मी स्वतः गाडी पाहिली. चालकाच्या सीटची कड दबलेली होती. स्टीअरिंगचं कातडं हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं. डोकं टेकायच्या जागी तेलाचा डाग होता. मीटर खोटं बोलतो, सीट खोटं बोलत नाही, असं मी नव्या उपनिरीक्षकांना शिकवत असे. टायर मात्र झिजलेले नव्हते. तेही मी पाहिलं, आणि बदलले असतील असं धरून चाललो. वर्कशॉपला फोन करून शेवटच्या सर्व्हिसिंगच्या वेळचा आकडा विचारता आला असता. मला गरज वाटली नाही. माझ्या मनात तपास संपला होता, फक्त जबाब उरला होता.

गाडी विकणाऱ्या म्हाताऱ्याला गाव आबा म्हणत असे. सत्तरीचा शेतकरी, अर्धी जमीन कंपन्यांसाठी गेलेली. आबा गावच्या बैलगाडा शर्यतीचे घड्याळमास्तर होते. गाडा किती सेकंदांत निशाणापाशी पोचला हे ज्याच्या घड्याळावर ठरतं, तो घड्याळमास्तर. यात्रेत आसपासच्या गावांचे गाडे यायचे, हरलेले मालक पंचांच्या अंगावर जायचे, पण आबांच्या आकड्यावर कुणी बोलत नसे.

त्यांना बोलावणं पाठवलं तेव्हा आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, आबा खोटं बोलणार न्हाईत."

मी म्हणालो, "गाडा वेगळा आणि गाडी वेगळी, हवालदार."

आबा धुतलेला सदरा घालून आले. खुर्ची दिली तरी कडेवर बसले.

"गाडी कुणाची?"

"पोराची व्हती. जमिनीच्या पैशातनं घ्येतली व्हती. वारला तो. तीन वरसं झाली." मोटारसायकलवरून कंपनीत पहिल्या शिफ्टला जाताना हायवेवर कंटेनरने उडवलं होतं.

"घेतल्यापासून इतकी कमी कशी चालली?"

"आमच्या गल्लीत शिरायची न्हाई, साहेब. पोट घासायचं तिचं. हायवेला न्यायची, तर तिथं ट्राफिक. पोरगं म्हनायचं, आबा, आपला गाडा हिच्या म्होरं पळतोय." हवालदार हसले. आबाही जरासे हसले. मी हसलो नाही.

"मुलगा गेल्यावर कोण चालवत होतं?"

"कुनी न्हाई. शेडात उभी व्हती."

"उभ्या गाडीची सीट झिजते का? तिच्यावर कोण बसत होतं?"

आबांनी सदऱ्याची बाही नीट केली. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. ते टेबलाकडे बघत राहिले. इतका वेळ बोलणारा माणूस नेमक्या एका प्रश्नाला अडला की चोरी तिथेच आहे, हा माझा अनुभव. मग मी नेहमीची युक्ती केली.

"घरात कोण कोण असतं?"

"मी अन् सून."

"ठीक. उद्या सूनबाईंना ठाण्यात बोलावतो. त्यांचा जबाब घेऊ."

त्यांना बोलवायचा माझा विचारही नव्हता. नुसता दाब होता. आबांनी मान वर केली.

"तिला हितं आनायचं न्हाई."

"मग खरं सांगा."

"मीच मागं घ्येतला मीटर. घ्या लिहून."

"कुणाकडून करून घेतलं?"

"व्हता एक पोरगा. नाव ठाव न्हाई."

मीटर कसा मागे घेतात हेही त्यांना सांगता आलं नसतं. मी विचारलं नाही. जबाब लिहिला, वाचून दाखवला, त्यांनी सही केली. त्यांनी पैसे परत केले, तरुणाने तक्रार मागे घेतली, अर्ज दप्तरी दाखल झाला. आठवड्याभरात मीटरची लबाडी पकडली, म्हणून वरिष्ठांनी बैठकीत माझं नाव घेतलं. गाडी पुढे माझ्या खबऱ्यानेच पडत्या भावात उचलली. आबांनी आधी त्याला ती द्यायला नकार दिला होता, हे मला नंतर कळलं.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. पुढच्या यात्रेत आबा घड्याळ घेऊन स्टेजवर चढले, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आबा, मीटर मागं घेतला, आता सेकंद कुनाचे मागं घेताय?" हशा पिकला. आबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि खाली उतरले. पुन्हा त्यांनी ते हातात धरलं नाही. हे मला हवालदारांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर काही महिन्यांनी एक तरुण बाई एकटी ठाण्यात आली. गळ्यात नवं मंगळसूत्र होतं. आबांची सून, असं तिने सांगितलं. तिचं दुसरं लग्न झालं होतं, आणि ते आबांनी लावून दिलं होतं, भावकीचा विरोध पत्करून. गाडी विकली होती ती तिचा संसार उभा करून देण्यासाठी.

"साहेब, त्या सीटवर मी बसायचे," ती म्हणाली. "घरात सारखं भावकीतलं कुणी ना कुणी येऊन बसलेलं. रडायला जागा नव्हती. मला गाडी चालवता येत नाही. नुसती स्टीअरिंग धरून बसायचे. गेलेले मालक जिथं हात ठेवायचे, तिथंच मी हात ठेवायचे. आबा शेडाचं दार ओढून घ्यायचे आणि बाहेर बाज टाकून बसायचे. कुणी आलं तर म्हणायचे, म्हशीला बरं न्हाई, आत जाऊ नका."

तिला ठाण्यात बोलावण्याची मी धमकी दिली, त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरत होतं. पोलिसांनी बोलावलेली आणि बंद गाडीत बसून रडणारी सून. तेवढ्यावर ते लग्न मोडलं असतं. आबांना ते कळत होतं, म्हणून त्यांनी सही केली होती.

ती गेल्यावर मी वर्कशॉपला फोन लावला. शेवटच्या सर्व्हिसिंगचा आकडा जुळत होता. मीटर खरा होता.

मी आबांच्या घरी गेलो. पुरवणी अहवाल पाठवून चूक दुरुस्त करतो म्हणालो. त्यांनी आधी चहा ठेवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. पोर सुखात हाय. तुमी कागद उकरला की तिच्या सासरला कळंल." मी मान डोलावली. त्यांचं म्हणणं मला पटलं, पण त्याहून जास्त ते सोयीचं वाटलं. माझी चूक कुठे नोंदली गेली नाही. मी निवृत्त झालो तेव्हा तो जबाब जसा होता तसाच होता.

अलीकडेच आबा गेले. नदीकाठी दशक्रियेला गर्दी होती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सरपंचांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी श्रद्धांजलीची भाषणं केली. कुणीही घड्याळाचा विषय काढला नाही. सून बायकांमध्ये बसली होती. भाषणं सुरू होण्याआधी ती माझ्यापाशी येऊन म्हणाली होती, "मी घरी सगळं सांगितलंय, साहेब. माझ्या मालकांनाही. आता तुम्ही बोला."

निवेदकाने माझं नाव पुकारलं. मी माईक घेतला. समोर सगळं गाव होतं, यात्रेत ओरडणारा तोही त्यातच असणार. मी म्हणालो, "आबा मनमिळाऊ होते. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो," आणि खाली बसलो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आता वर्दीतली तरुण मुलं कधी कधी सल्ला विचारायला येतात. त्यांना सांगतो, कबुली मिळाली की तपास संपला असं समजू नका. माणूस एका धमकीसरशी कबूल झाला, तर त्या धमकीत नाव कुणाचं होतं ते आधी पाहा. हे मला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

गावासमोर जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो. आबांनी मीटर मागे घेतला नव्हता. तो जबाब खोटा होता, आणि तो मी द्यायला लावला.