तुकड्या-तुकड्यानं पोहरादेवी

आम्ही नवरा-बायको बौद्ध. आमच्या घरात नवस नाही. तरी वाशिमहून पोहरादेवीला पायी जायचं ठरवलं, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि त्या रस्त्यानं एसटी मिळते. एका दमात जमणार नव्हतं. म्हणून दर रविवारी थोडं चालायचं, थांबू तिथून एसटीनं परत यायचं आणि पुढच्या रविवारी एसटीनंच तिथं उतरून पुढं निघायचं. बसच्या वेळा मी स्टँडवरच्या फळ्यावरून वहीत उतरवून घेतल्या.

चौथ्या रविवारी मानोऱ्याच्या बसमध्ये आम्ही मंगरूळपीरच्या पुढच्या पुलाचं तिकीट मागितलं.

"तिथं कोन राह्यते?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"कोनीच नाही. तिथून पायी जायचं हाय, पोहरादेवीले."

"पायीच जायचं हाय, तं बसमधी कायले बसले?"

बायकोनं सगळा बेत समजावला. बाईंनी तो शांतपणे ऐकला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"नवस असन त्याइचा," मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या. उतरताना त्यांनी बायकोच्या हातात एक नारळ दिला. "माह्याकडून देवीले वाहजा. माह्यानं आता चालनं होत नाही."

बायकोला नाही म्हणता आलं नाही.

पुढचे पाच रविवार तो नारळ आमच्याबरोबर एसटीनं गेला आणि आला. पोहरादेवीला बायको चप्पल काढून रांगेत उभी राहिली. पुजाऱ्यांनी विचारलं, "कोणाच्या नावानं?"

नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

"मानोऱ्याच्या बसमधल्या आजी," बायको म्हणाली.