पान सत्तावीस, ओळ चौथी

महापौरांच्या सलूनमध्ये खुर्च्या तीन, पण चालू खुर्ची एकच. दुसरीवर धुतलेल्या टॉवेलांची चळत असे आणि तिसरीसमोर आरशाच्या जागी एक जुना, पोट सुटलेला कॉम्प्युटर. महापौर हे काही निवडून आले नव्हते. दाढी-कटिंग करणाऱ्या या माणसाला ती पदवी बाकावरच्या मंडळींनी बहाल केली होती, कारण कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याने अकरा वर्षं खपून एक गाव वसवलं होतं आणि त्या गावात तो म्हणेल तो कायदा होता.

सकाळी आठपासून बाकावर सरकारचे वाभाडे निघत. रस्ता परत खणला, बस थांब्यावर थांबत नाही, कोपऱ्यावरचा दिवा महिनाभर बंद, मतं मागताना हात जोडतात आणि मग हात वर करतात. कुणी कटिंगला आलेला असे, कुणी नुसताच आलेला. महापौर कात्री चालवत सगळं ऐकत आणि "हो ना", "खरंय" एवढंच म्हणत. हातात वस्तरा असताना वाद घालू नये, हे ते धंद्यात पहिल्या वर्षीच शिकले होते.

दुपारी गर्दी ओसरली की ते ॲप्रन काढून पडद्यासमोर बसत आणि सकाळच्या तक्रारी एकेक करून निकालात काढत. ग्रंथपाल तुटक्या फुटपाथबद्दल कुरकुरले की गावातल्या 'ग्रंथपाल मार्गा'ला तीन वाजेपर्यंत नवा फुटपाथ, वर सावलीला झाडं. दिव्याची तक्रार आली की चौकात दिवे. "अर्ज नाही, वशिला नाही, हेलपाटे नाहीत," ते अभिमानाने सांगत. इतकी कटकट ऐकूनही हा माणूस कधी तिरसट कसा होत नाही, असं लोकांना वाटे. त्याचं कारण त्या पडद्यात होतं. ऐकलेलं ते डोक्यात साठू देत नसत. गावात नेऊन ठेवत आणि संध्याकाळी हलक्या अंगाने घरी जात.

एकच ताप होता. गाव वसवायचा तो खेळ रीतसर विकत घेतलेला, खोक्यासकट. तरीही दर वेळी सुरू करताना तो फौजदारासारखा विचारी: सोबतच्या पुस्तिकेतलं पान अमुक, ओळ तमुक, शब्द कितवा? पुस्तिका जवळ असली तर तुम्ही मालक, नसली तर चोर. तीनदा चुकलात तर साठवलेलं गाव कायमचं पुसलं जाईल, अशी तंबी पहिल्याच पानावर छापली होती. महापौरांच्या मेहुण्याकडे हाच खेळ होता, पण कुलूप तोडून चोरून उतरवलेला. तो एका अक्षराने काही विचारत नसे, पण महापौरांचं गाव त्यात उघडत नसे.

"भावोजी, विकत घेऊन वर रोज झडती देता," मेहुणा हसे.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ग्रंथपाल म्हणत. "हा खेळ सरकारनेच बनवला असणार!"

ती पुस्तिका बाकावरच पडलेली असे. मासिकं येणं बंद झाल्यापासून तिथे चाळायला तेवढीच होती. बहुतेक जण चित्रं बघून ठेवून देत, महापौर विचारलेला शब्द तेवढा शोधत. नीट वाचणारे दोघेच, वायरमन आणि ग्रंथपाल. वायरमन सरकारच्या बाजूचा, इतका की वीज गेली तरी त्यात त्याला सरकारची दूरदृष्टी दिसे. ग्रंथपाल तीस वर्षं वाचनालय सांभाळून निवृत्त झालेले आणि विरोधात. सरकार कुठलंही येवो, ते विरोधात.

कर वाढले त्या वर्षापासून दोघं पुस्तिकेतल्या एका वाक्यावरून भांडत होते.

"स्पष्ट लिहिलंय," वायरमन म्हणे, "करात वाढ केल्यास नागरिक हळूहळू गाव सोडतात. हळूहळू! उगाच बोंबा मारू नका."

"लगेच गाव सोडतात, असं आहे ते," ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणत. "माझी हयात पुस्तकांत गेली. तुमची खांबावर."

पुस्तिका हातभर अंतरावर असे. पण उघडून बघितली असती तर वाद मिटला असता, आणि वाद मिटल्यावर बाकावर बसून करायचं काय?

सोमवारी सलून बंद असे. त्या मंगळवारी दुपारी महापौरांनी खेळ सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला: पान सत्तावीस, ओळ चौथी, शब्द पाचवा. त्यांनी सवयीने मागे न बघता बाकाकडे हात केला. हातात काहीच आलं नाही.

"पुस्तिका कुठाय?"

बाकाखाली नव्हती, टॉवेलांत नव्हती. मागे कधीतरी या पानावर 'रस्ते' हा शब्द आला होता असं वाटून महापौरांनी तो टाकला. चूक. "पाणी टाका हो, सत्तावीसवर पाण्याचंच आहे, पैजेवर सांगतो," वायरमन छातीठोकपणे म्हणाला. टाकलं. तेही चूक. पडद्यावर लाल अक्षरं आली: शेवटची संधी.

एवढ्यात महापौरांची बायको धुतलेले टॉवेल घेऊन आली. सगळे जमिनीवर ओणवे झालेले पाहून ती दारातच थबकली.

"काय हरवलं?"

"पुस्तिका, वहिनी. बाकावरची."

"ती फाटकी? कव्हर निघालेली?" तिचा चेहरा पडला. "अहो, मला रद्दी वाटली. रविवारी कापली की मी ती!"

वस्तऱ्यावरचा फेस पुसायला खुर्चीशेजारी हुकाला कागदाचे चौकोन अडकवलेले असत. दर रविवारी ती जुनी वर्तमानपत्रं कापून ते करी. म्हणजे सकाळपासून महापौर स्वतःच्याच कायद्यावर फेस पुसत होते.

त्यांनी हुकावरचा गठ्ठा काढला. पानं चार-चार तुकडे होऊन एकमेकांत मिसळली होती. सगळ्यांनी ती टॉवेलांच्या खुर्चीवर पसरली आणि वायरमनने एक चौकोन उचलला. कोपऱ्यात आकडा होता, सत्तावीस. चौथी ओळ अशी: 'करात वाढ केल्यास नागरिक'. पुढे कात्री फिरली होती. उरलेला तुकडा सकाळी कुणाच्या तरी हनुवटीच्या फेसात गेला होता. कचऱ्याचा डबा उपडा केला तर आत नुसता ओला लगदा.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझी काय चूक," महापौर म्हणाले. "मीच बाकावर टाकायला नको होती." पण ते खाली बसले ते हातातला चौकोन तसाच धरून. "गाव गेलं तर परत वसवेन," ते हळूच म्हणाले. "पण त्यात तुम्ही सगळे आहात. अकरा वर्षं जे ऐकलं ते तिथं ठेवलंय. ते गेलं, तर उद्यापासून ऐकलेलं ठेवू कुठे?" इतकं लांबलचक ते आजवर कधी बोलले नव्हते.

पाचवा शब्द. हळूहळू की लगेच? सगळ्यांनी दोघांकडे पाहिलं. वायरमनने डोकं खाजवलं. पाण्याची पैज आत्ताच हरलेला. "मला तरी हळूहळूच आठवतंय," तो पुटपुटला, "पण आता मी काही छातीवर हात ठेवून सांगत नाही." मेहुणा बाकावरून म्हणाला, "ग्रंथपालांचंच टाका. ते वाचणारे." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ग्रंथपालांचा शब्द म्हणजे छापील.

महापौरांनी एका बोटाने टाइप करायला घेतलं. 'ल' आला. 'ग' आला.

"थांबा!"

ग्रंथपाल उभे राहिले होते. कानापर्यंत लाल झालेले.

"हळूहळूच आहे," ते म्हणाले. "हळूहळूच होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच पाहिलं होतं मी."

"मग इतकी वर्षं?" वायरमनने विचारलं.

"या वायरमनसमोर हळूहळू म्हणवेना," ग्रंथपाल महापौरांकडे पाहत म्हणाले. "एकदा लगेच म्हणून बसलो, मग मागे फिरायची लाज वाटली. तीस वर्षं लोकांना सांगितलं, आधी पान उघडा मग बोला. आणि मीच..."

महापौरांनी दोन अक्षरं पुसली. 'हळूहळू' लिहिलं. एंटर दाबायच्या आधी त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग दाबलं.

गाव उघडलं. ग्रंथपाल मार्ग, वायरमन चौक, फुटपाथ, झाडं, बारीक बारीक दिवे, सगळं जिथल्या तिथे. बायकोने सुटकेचा श्वास टाकला आणि टॉवेलाच्या टोकानेच डोळे पुसले. ग्रंथपाल छत्री उचलून निघाले होते.

"कुठे चाललात?" महापौर म्हणाले. "दाढी राहिलीय तुमची. बसा खुर्चीत."

त्या आठवड्यात बायकोने उरलेले चौकोन जुळवून एका वहीत चिकटवले. जिथे तुकडा नव्हता तिथे ग्रंथपालांनी आठवून आठवून, सुवाच्य अक्षरात, मजकूर भरला. एवढं त्यांना पाठ होतं. सत्तावीस पानावर चौथी ओळ पूर्ण करून त्यांनी 'हळूहळू'खाली बारीक सही केली.

शनिवारी वायरमनने ती वही बाकावरून उचलली, सत्तावीस पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिला. आता हा शेखी मिरवणार, म्हणून महापौरांची कात्री थबकली.

"अक्षर छान आहे तुमचं," वायरमन वही मिटत म्हणाला आणि ग्रंथपालांना बसायला सरकून जागा केली. "पण बसचं म्हणाल, तर त्यात सरकारची काहीही चूक नाही."

"काहीही नाही?" ग्रंथपाल बसता बसता कडाडले. "अहो, काल मी पाऊण तास उभा होतो!"

"हो ना," महापौर म्हणाले आणि कात्री पुन्हा चालू झाली. दुपारी ग्रंथपाल मार्गावर नवा बसथांबा झाला.